वाचक विचारतात: पाचशे किलोमीटरवरून बर्फाची उंची कशी मोजतात?

मागच्या अंकात एक छोटी चौकट टाकली होती, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाची उंची उपग्रहातल्या लेझरने सेंटिमीटरमध्ये मोजतात अशी. चार ओळीच होत्या, पण त्यावर जेवढे मेल आले तेवढे गेल्या सहा महिन्यांत कशावरच आले नव्हते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते जरा कापलेत, आणि ज्यांनी फक्त "हे सगळं थोतांड आहे" एवढंच लिहिलंय त्यांना तूर्तास नमस्कार.

प्रश्न (नाशिक): पाचशे किलोमीटरवरून सेंटिमीटर? जरा अतीच होतंय असं नाही वाटत? नेमकं करतात तरी काय?

उत्तर: करतात ते अगदीच साधं आहे, वेळ मोजतात. सध्या वर जो फिरतोय तो नासाचा आइससॅट-२, सप्टेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून सोडलेला, साधारण ५०० किलोमीटर उंचीवर. तो खाली हिरव्या लेझरचा एक झटका मारतो, उजेड बर्फावर आपटून परत येतो, जायला-यायला किती वेळ लागला ते घड्याळ सांगतं, आणि प्रकाशाचा वेग माहीत असल्यामुळे अंतर निघतं. हा सगळा प्रवास सेकंदाच्या साधारण तीनशेव्या भागात आटपतो.

खरी गंमत पुढे आहे. हा लेझर सेकंदाला १०,००० झटके मारतो. म्हणजे पहिला झटका बर्फापर्यंत जाऊन परत येईपर्यंत मागून आणखी तीसेक झटके निघालेले असतात, काही खाली चाललेत, काही वर येतायत. मग परत आलेला उजेड कुठल्या झटक्याचा हे कसं कळणार? त्यासाठी खालच्या जमिनीचा अंदाजे उंचीचा नकाशा उपग्रहाच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच भरून ठेवलाय, त्यावरून उत्तर किती वाजता येणं अपेक्षित आहे ते ठरतं आणि तेवढ्याच वेळापुरती खिडकी उघडली जाते.

आणि परत येतं ते किती म्हणाल तर, निघताना एका झटक्यात फोटॉन म्हणजे प्रकाशकण लाखो कोटींच्या घरात असतात आणि दुर्बिणीत परत येतात ते चांगल्या पांढऱ्याशुभ्र बर्फावरूनसुद्धा डझनभराच्या आतबाहेर. उपग्रह तेवढेच मोजतो, एकेक फोटॉन सुटा पकडून त्याची वेळ टिपतो. एका फोटॉनची वेळ ८०० पिकोसेकंदांपर्यंत कळते (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग), आता हे अंतरात बसवलं तर साधारण १२ सेंटिमीटर होतात, म्हणजे एकटा फोटॉन काही फार विश्वासाचा नाही. पण दर ७० सेंटिमीटरवर एक झटका पडतोय, चाळीस मीटरच्या पट्टीत शेकडो फोटॉन जमतात, त्यांच्यातून रेषा काढली की चूक घटत घटत दोन-तीन सेंटिमीटरवर येते. त्यात सूर्याचा उजेडही घुसतो बरं का, अंटार्क्टिकात उन्हाळ्यात चोवीस तास ऊन, आणि त्यात लेझरच्याच रंगाचे फोटॉन असतात. स्क्रीनवर कच्चा डेटा पाहिला तर सगळीकडे ठिपकेच ठिपके दिसतात आणि मध्ये एक दाट रेघ, ती रेघ म्हणजे बर्फाचा पृष्ठभाग. रात्रीच्या फेरीत तीच रेघ कशी लख्ख दिसते!

प्रश्न (कोल्हापूर): मी पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होतो, आयुष्यभर डंपी लेव्हल (उंचीतला फरक बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) घेऊन कालव्यांवर फिरलो. बेंचमार्कशिवाय, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेशिवाय, लेव्हल निघत नाही हे आमच्याकडे नवशिक्यालाही माहीत असतं. अंटार्क्टिकावर तुमचा बेंचमार्क कुठे आहे?

उत्तर: काका, सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. लेझरचं कौतुक सगळे करतात, पण लेझर फक्त अंतर सांगतो, उपग्रहापासून बर्फापर्यंतचं. उंची काढायची तर उपग्रह स्वतः कुठे आहे ते तितक्याच बारकाईने कळायला हवं, नाहीतर तुमच्या भाषेत इन्स्ट्रुमेंटची उंचीच माहीत नाही आणि स्टाफ वाचत बसलोय असं व्हायचं.

तर इथे बेंचमार्क जमिनीवर नाहीच. पृथ्वीचं वस्तुमानकेंद्र धरून एक गणिती लंबगोल ठरवलाय, जीपीएस वापरते तोच, आणि सगळ्या उंच्या त्याच्यापासून. समुद्रसपाटी इथे मध्ये येत नाही. उपग्रहावर जीपीएस रिसीव्हर आहेत, त्यावरून त्याची कक्षा दोनेक सेंटिमीटरपर्यंत बसवतात. त्याशिवाय लेझर नेमका कुठे रोखलाय तेही हवं, त्यासाठी ताऱ्यांचे फोटो काढणारे कॅमेरे आहेत. हे किती नाजूक आहे ते तुम्हीच हिशोब करून बघा: एका अंशाचे ३६०० भाग केले आणि त्यातल्या एकाच भागाएवढी रोखण्यात चूक झाली, तर ५०० किलोमीटर खाली ठिपका जवळजवळ अडीच मीटर सरकतो. सपाट बर्फावर चाललं, पण उतार एक अंशाचा असेल तर तेवढ्यानेच उंचीत चार सेंटिमीटरचा फरक! एक अंश म्हणजे चालताना पायाला कळणारही नाही असा उतार.

आणि तुमच्यासारख्या माणसाला "आमचा आकडा बरोबर आहे" एवढं सांगून पटणार नाही हे माहीत आहे, उपग्रहवाल्या शास्त्रज्ञांनाही तेवढ्याने पटलं नव्हतं. म्हणून २०१७-१८ च्या उन्हाळ्यापासून दक्षिण ध्रुवाजवळ ८८ अंश अक्षांशावर, बर्फावर चालणाऱ्या ट्रॅकवाल्या गाड्या घेऊन, टपावर जीपीएस लावून माणसं शेकडो किलोमीटर फिरली. ८८ अंशच का, तर उपग्रहाची कक्षा तिथपर्यंतच जाते, तिथून वळते, त्यामुळे त्याच्या सगळ्या रेषा तिथे दाटीवाटीने एकमेकींना छेदतात. गाडीची उंची आणि उपग्रहाची उंची शेजारीशेजारी ठेवली तेव्हा सरासरी फरक ३ सेंटिमीटरच्या आत निघाला. कडाक्याच्या थंडीत, रोज तेच पांढरं, तेच सपाट, आणि काम काय तर गाडी हळू चालवायची. तुमच्या कालव्यावरचं ऊन परवडलं म्हणाल.

प्रश्न (पुणे): याच्या आधीही एक आइससॅट होता ना? तो लवकर बंद पडला असं वाचल्याचं आठवतंय.

उत्तर: लवकर म्हणजे लेझर लवकर गेला, उपग्रह तसा बरीच वर्षं टिकला. पहिला आइससॅट जानेवारी २००३ मध्ये गेला, त्यावर तीन लेझर होते, एकेक करून सलग वापरायचे असा बेत. पहिला फेब्रुवारीत चालू केला आणि मार्च संपायच्या आत बंद! चौकशीत निघालं की लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या डायोडमध्ये सोल्डरिंगचं इंडियम (एक मऊ धातू) जरा जास्त झालं होतं आणि ते आतल्या सोन्याच्या बारीक तारा खात होतं. उरलेल्या दोघांत हाच दोष असणार हे उघड होतं. मग नासाने बेतच बदलला, सलग चालवण्याऐवजी वर्षातून दोन-तीनदा, साधारण महिनाभर लेझर चालू करायचा आणि बाकी वेळ बंद. अशा काटकसरीत ऑक्टोबर २००९ पर्यंत ओढलं. माझ्या मते या सगळ्या कथेतलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल हेच, कारण बर्फ काय रोज बदलत नाही, दरवर्षी त्याच सुमारास त्याच रेषेवरून परत गेलं की काम भागतं.

पण त्याची दुसरी एक अडचण होती, एका वेळी किरण एकच. खाली ठिपका साधारण ७० मीटरचा आणि दोन ठिपक्यांत १७० मीटर अंतर. दुसऱ्या वर्षी उपग्रह बरोबर त्याच रेषेवरून थोडाच जातो, शंभरेक मीटर इकडेतिकडे होणारच, आणि मग उंची दीड मीटर कमी आली तर बर्फ खचला म्हणायचं की आपण उताराच्या खालच्या अंगाला सरकलो म्हणायचं? म्हणून आइससॅट-२ मध्ये एकाच लेझरचे सहा किरण केले, जोडीजोडीने तीन. जोडीतल्या दोघांत ९० मीटर, आणि दोन जोड्यांत सव्वातीन किलोमीटर. जोडीतला डावा आणि उजवा दोन्ही एकाच वेळी मोजतात त्यामुळे आडवा उतार त्याच फेरीत मिळतो, मग पुढच्या खेपेला थोडं सरकलं तरी हिशोब जमतो. दर ९१ दिवसांनी तो पुन्हा त्याच रेषेवर येतो, अशा रेषा १३८७.

मधल्या काळात, म्हणजे २००९ नंतर, वर लेझर नव्हताच, तेव्हा विमानात लेझर बसवून ग्रीनलंड-अंटार्क्टिकावर उडवत होते, आइसब्रिज नाव त्या मोहिमेचं, ती २०१९ पर्यंत चालली.

प्रश्न (अकोला): आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं होतं की अंटार्क्टिकाचा बर्फ उलट वाढतोय आणि हे नासाच्याच लेझरने सिद्ध झालंय. मग खरं काय धरायचं? तुम्ही लोक एकच बाजू सांगता.

उत्तर: बरं, दोन्ही बाजू सांगतो. पूर्व अंटार्क्टिकाच्या मोठ्या भागात उंची खरंच वाढलीय, तिथे हिमवर्षाव जास्त झालाय. २०२० मध्ये दोन्ही आइससॅटचे आकडे जोडून २००३ ते २०१९ असा १६ वर्षांचा हिशोब निघाला, त्यात पूर्व भाग वर्षाला ९० अब्ज टन कमावतो असं आलंय. फॉरवर्ड करणाऱ्याने इथेच वाचायचं थांबवलं बहुतेक. कारण त्याच हिशोबात पश्चिम अंटार्क्टिका आणि तिथला द्वीपकल्प मिळून दुपटीहून जास्त गमावतायत, आणि जमाखर्च मांडला की अख्ख्या अंटार्क्टिकाची वजाबाकी वर्षाला ११८ अब्ज टन. ग्रीनलंडची २००. दोन्ही मिळून त्या १६ वर्षांत समुद्राची पातळी १४ मिलिमीटर वर गेली.

आता मजा बघा, ११८ अब्ज टन ऐकायला केवढे तरी वाटतात, पण अंटार्क्टिका इतका अवाढव्य आहे की एवढा बर्फ त्याच्यावरून सारखा खरवडला तर जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा थर निघेल! ग्रीनलंडवर तोच हिशोब बारा-तेरा सेंटिमीटर. म्हणून तर सेंटिमीटरसाठी एवढी मारामारी. अर्थात प्रत्यक्षात सारखा कुठेच जात नाही, मधला पठाराचा भाग जवळपास होता तिथेच आणि किनाऱ्याजवळच्या वेगवान हिमनद्या खचतायत, ग्रीनलंडमधली याकोब्सहाव्न किंवा कांगेरलुसुआक घ्या, तिथे वर्षाला ४ ते ६ मीटर उंची गेलीय.

पण तुमच्या ग्रुपवर कोणी विचारलं नसेल असा एक मुद्दा मीच काढतो, उंचीवरून वजन काढणं हे यातलं सगळ्यात वादाचं काम आहे. वरचा ताजा बर्फ हलका, घनमीटरला तीनशे-साडेतीनशे किलो, आणि खाली दबून घट्ट झालेला ९१७ किलो. उंची एक मीटर वाढली ती भुसभुशीत बर्फाने की घट्ट बर्फाने, यावर वजन जवळजवळ तिपटीने बदलतं. शिवाय नवा बर्फ पडला नाही तरी जुना थर आपोआप दबत जातो, उंची कमी होते आणि वजन आहे तेवढंच राहतं. त्यासाठी हवामानाच्या मॉडेलमधून किती बर्फ पडला, किती दबला याचा अंदाज घ्यावा लागतो. आणि वर कडी म्हणजे खालचा खडकही हलतो! वरचा भार कमी झाला की तो हळूहळू वर उचलला जातो, पश्चिम अंटार्क्टिकात आमुंडसेन समुद्राच्या बाजूला तर वर्षाला ४ सेंटिमीटर. हे सगळं वजा करावं लागतं. म्हणून एकट्या लेझरवर कोणी विसंबत नाही, ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी २००२ पासून गुरुत्वाकर्षणातला फरक मोजून थेट वजनच काढत होती, २०१८ पासून तिच्या जागी दुसरी जोडी आहे. दोन अगदी वेगळ्या पद्धती आणि दिशा एकच दाखवतात.

प्रश्न (इयत्ता सातवी, सांगली): लेझरने बर्फ वितळत नाही का? आणि पेंग्विनने वर बघितलं तर त्याच्या डोळ्याला काही होईल का?

उत्तर: नाही वितळत रे. सगळे किरण मिळून ताकद तुमच्या घरातल्या एका छोट्या एलईडी दिव्याएवढी, तीही खाली पोहोचेपर्यंत दहा-बारा मीटरच्या गोलांवर पसरलेली, त्यातून तो गोल सेकंदाला सात किलोमीटर पळतोय. पेंग्विनवर पडला तरी लगेच पुढे गेलेला असतो. पण दिसत नाही असं नाही हां, सप्टेंबर २०२२ मध्ये जपानमधल्या एका म्युझियमच्या कॅमेऱ्यांना उल्का टिपता टिपता ढगांमध्ये हिरव्या रेघा सापडल्या, आणि त्या याच उपग्रहाच्या निघाल्या.

प्रश्न (वास्को, गोवा): यात आपल्या देशाचं काही आहे की नुसती नासाचीच आरती? आणि ढग आले की काय करतात?

उत्तर: वास्कोहून हा प्रश्न यावा हे बरंच झालं, कारण अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा जी संस्था चालवते ती राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तुमच्याच हेडलँड सड्यावर आहे, सांगायची गरज नसावी. बर्फाची उंची बदलते म्हणजे काय हे आपल्या लोकांनी अगदी अंगावर अनुभवलंय, १९८३-८४ मध्ये बांधलेलं पहिलं ठाणं दक्षिण गंगोत्री बर्फावरच होतं, ते हळूहळू बर्फाखाली गाडलं जाऊन सोडून द्यावं लागलं. नंतरची मैत्री आणि भारती दोन्ही खडकावर.

ढगांचं म्हणाल तर दाट ढग आला की लेझर संपला, तेवढा तुकडा कोराच राहतो. पातळ ढग जास्त त्रासदायक, कारण उजेड त्यातून जातो पण थोडा इकडेतिकडे फुटून जरा लांबच्या वाटेने येतो, वेळ जास्त लागतो आणि बर्फ आहे त्याहून खाली दिसतो. वाऱ्याने उडालेलं हिमकणांचं धुकंही हाच घोळ करतं. लेझरऐवजी रडार वापरला तर त्याला ढगांचं काही वाटत नाही, पण रडारचा किरण बर्फाच्या वरच्या थरात शिरतो, नेमका कुठून परत आला ते ठरवावं लागतं. युरोपचा क्रायोसॅट-२ हे काम २०१० पासून करतोय, आणि २०२० मध्ये त्याची कक्षा थोडी वर उचलली ती केवळ आइससॅट-२ च्या रेषेवर वरचेवर यावं म्हणून, म्हणजे थोड्याच तासांच्या अंतराने दोघांनी तोच बर्फ मोजायचा आणि फरकावरून वरच्या भुसभुशीत थराचा अंदाज घ्यायचा.

इथेच आपला सरल उपग्रह येतो. इस्रो आणि फ्रान्सचा मिळून, फेब्रुवारी २०१३ मध्ये पीएसएलव्हीने सोडलेला. त्याच्यावरचा रडार बाकीच्यांपेक्षा आखूड लहरींचा आहे त्यामुळे बर्फात कमी शिरतो, हा त्याचा फायदा. मुख्य काम समुद्राची पातळी, पण ध्रुवांवरच्या बर्फासाठीही त्याचा डेटा वापरलाय. मर्यादा एकच, तो साधारण साडेएक्याऐंशी अंशांपर्यंतच जातो, त्यापुढचा अंटार्क्टिका त्याला दिसत नाही.

प्रश्न (ठाणे): उंची मोजून बर्फ कमी-जास्त झाला याच्याशिवाय आणखी काही कळतं का?

उत्तर: कळतं, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात भारी आहे. पहिल्या आइससॅटच्या रेषा पश्चिम अंटार्क्टिकातल्या व्हिलान्स आणि मर्सर या बर्फप्रवाहांवरून, म्हणजे आजूबाजूच्या बर्फापेक्षा वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यांवरून, जायच्या. २००७ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या तारखांच्या त्याच रेषा एकावर एक ठेवल्या, तर दोन्ही बाजूंना सगळ्या रेषा एकमेकींवर चपखल बसतायत आणि मध्येच काही किलोमीटरच्या टापूत मात्र प्रत्येक खेपेला खाली खाली जातायत, खोलगट वाटीसारख्या. बर्फ वितळून असं होत नाही, नेमक्या तेवढ्याच टापूत कसं होईल? खाली पाण्याचं तळं होतं आणि ते रिकामं होत होतं! एंगेलहार्ट नाव दिलेल्या अशा एका तळ्यातून ऑक्टोबर २००३ ते जून २००६ मध्ये दोन घनकिलोमीटर पाणी निघून गेलं आणि शेकडो मीटर बर्फाच्या वर, पृष्ठभाग नऊ मीटर खचला. काही तळी उलट भरत होती, तिथे पृष्ठभाग वर उचललेला. म्हणजे बर्फाखाली पाणी एका तळ्यातून दुसऱ्याकडे जात असतं, आणि तेच पाणी हिमनदीला घसरायला मदत करतं म्हणून ते महत्त्वाचं. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये मर्सरच्या तळ्यापर्यंत हजार मीटरहून जास्त बर्फ गरम पाण्याने भोसकून माणसं पोहोचलीसुद्धा, आणि जागा कशी कळली तर सहाशेक किलोमीटरवरून मोजलेल्या उंचीवरून.

तरंगत्या बर्फाचं मात्र जरा सांभाळून वाचावं लागतं. तो समुद्रावर तरंगतो, नऊ-दहा भाग असतील तर वर एकच दिसतो, त्यामुळे जाडी एक मीटर कमी झाली तरी उंची दहा-अकरा सेंटिमीटरच उतरते, आणि भरती-ओहोटीने तो सगळाच वरखाली होतो. भरतीचा हिशोब चुकला की सगळंच चुकलं.

प्रश्न (नागपूर): मग आपल्या हिमालयाचं काय? तिथे हा उपग्रह जातच नाही का?

उत्तर: जातो, अगदी नागपूरवरूनही जातो. पण ध्रुवाजवळ त्याच्या रेषा दाट आणि खाली येऊ तसतशा विरळ, हिमालयापर्यंत येता येता दोन रेषांत वीस-पंचवीस किलोमीटर. अंटार्क्टिकाचा बर्फ म्हणजे सलग, मैलोगणती सारखा, आणि हिमालयातली हिमनदी अरुंद, दोन्ही बाजूंना उभे कडे, वरून दगडगोट्यांचा थर. एखाद्या ठराविक हिमनदीचं काय झालं ते यातून सांगता येत नाही, पण हजारो ठिकाणचे ठिपके एकत्र करून अख्ख्या भागाची सरासरी निघते, पहिल्या आइससॅटवरून २००३ ते २००८ साठी तशी काढलीय आणि बर्फ घटतोय असंच निघालं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मी एमएस्सी जिओलॉजीला आहे, हा डेटा आम्हाला मिळेल का, की पैसे भरावे लागतात?

उत्तर: फुकट आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम आणि बर्फ डेटा केंद्राच्या साइटवर खातं उघडायचं की झालं. एटीएल झिरो थ्री म्हणजे सुटे फोटॉन, त्याला पहिल्यांदा हात लावू नकोस, फाइल्स इतक्या जाड आहेत की हॉस्टेलचं वायफाय रडेल. एटीएल झिरो सिक्स घे, त्यात चाळीस मीटरच्या तुकड्यांची उंची तयार मिळते, पायथॉन थोडं येत असेल तर दुपारभरात पहिला आलेख निघतो. पठारावरची एखादी सपाट रेषा निवड, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या फेऱ्या एकावर एक काढ, आणि क्वालिटीचा रकाना बघून खराब आकडे गाळायला विसरू नकोस, नाहीतर ढगांनाच हिमनदी समजून बसशील. प्रोजेक्टसाठी झाडांची उंची चालणार असेल तर एटीएल झिरो एट बघ, त्यात सह्याद्रीतली जंगलंही येतात, आणि निदान तपासायला गाडी काढून जाता तरी येईल.